टाकीचे घाव

तुमचा पहिला ईमेल आयडी आठवतोय का? माझा आठवतो. सायबर कॅफेतल्या त्या लाकडी खोक्यात बसून नाव टाकलं, तर पलीकडून उत्तर आलं की हे नाव आधीच कुणीतरी घेतलंय. आडनाव जोडून पाहिलं, तेही गेलेलं. वर घड्याळ चालू, तासाचे पैसे जाताहेत. शेवटी वैतागून नावापुढे आमच्या बिल्डिंगचा नंबर चिकटवला आणि काम झालं. पुढची कित्येक वर्षं मी जालावर 'अमुक अमुक १७' होतो.

नेमकी हीच युक्ती १९६० च्या दशकाच्या अखेरीला न्यूयॉर्कमधल्या काही पोरांनी शोधून काढली होती. तेव्हा ना ईमेल होतं ना याहू. त्यांच्याकडे होते जाड मार्कर आणि शहरभरच्या भिंती. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला वॉशिंग्टन हाइट्स नावाची वस्ती आहे. तिथे एक पोरगा 'ज्युलिओ २०४' असं लिहायचा. ज्युलिओ हे नाव आणि २०४ हा रस्त्याचा नंबर. ते बघून १८३व्या रस्त्यावर राहणाऱ्या एका ग्रीक पोराला वाटलं, आपणही लिहावं. त्याचं नाव डिमेट्रियस. ग्रीक घरांत या नावाचं लाडाचं रूप होतं 'टाकी'. झालं, 'टाकी १८३' जन्माला आला.

(मराठी माणसाला हे नाव ऐकून आधी गच्चीवरची सिंटेक्स आठवणार. मलाही तीच आठवली. मग दुसरी टाकी आठवली, पाथरवटाची. जिचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, ती. गोष्ट वाचत गेलो तसं वाटायला लागलं की ही दुसरी टाकीच जास्त जवळची आहे.)

गेले दोन विकांत मी न्यूयॉर्कच्या सबवेतल्या या लेखकांबद्दल वाचत होतो. लेखक हा शब्द मुद्दाम वापरतोय. ती पोरं स्वतःला 'ग्राफिटी आर्टिस्ट' म्हणवत नसत, 'रायटर' म्हणत. साधारण वीस वर्षं ही पोरं आणि एक अवाढव्य महानगरपालिका यांच्यात एक लढाई चालली. आपल्याला वाटतं ती लढाई रंगाची होती, कायद्याची होती, फार तर सौंदर्याची होती. मला मात्र शेवटी ती एकाच प्रश्नाची वाटली. लिहिलेलं कोण वाचणार, आणि ते कुणी ठरवायचं?

पण क्रमाने सांगतो.

सुरुवात कुठून

खरं तर न्यूयॉर्कच्याही आधी हा प्रकार फिलाडेल्फियात सुरू झाला. तिथल्या कॉर्नब्रेड नावाच्या पोराला या सगळ्यांचा आद्यपुरुष मानतात. त्याचं खरं नाव डॅरिल मॅक्रे. तो सुधारगृहात असताना स्वयंपाक्याकडे सारखा कॉर्नब्रेडचा (मक्याच्या पावाचा) हट्ट करायचा, त्यावरून हे नाव पडलं. बाहेर आल्यावर १९६७ च्या सुमारास त्याने शहरभर आपलं नाव लिहायला सुरुवात केली, तीही एका मुलीला इम्प्रेस करायला! जगातल्या बऱ्याच चळवळींचं मूळ असंच कुठेतरी सापडतं, असो.

न्यूयॉर्कचा टाकी मात्र वेगळ्या कारणाने गाजला. तो कुरियरचं काम करायचा, म्हणजे या ऑफिसातलं पाकीट त्या ऑफिसात नेऊन द्यायचं. त्यामुळे दिवसभर सबवेतून अख्ख्या मॅनहॅटनभर हिंडणं. जिथे जाईल तिथे मार्कर काढायचा आणि नाव लिहायचं. श्रीमंतांच्या भागात नाव, स्टेशनात नाव, खांबावर नाव. लोकांना प्रश्न पडला, हा टाकी आहे तरी कोण? २१ जुलै १९७१ ला न्यूयॉर्क टाइम्सने त्याला शोधून काढून चक्क त्याच्यावर बातमी केली. तेव्हा तो १७ वर्षांचा होता. सबवेतल्या अशा लिखाणाची साफसफाई करायला वर्षाला सुमारे ३ लाख डॉलर आणि ८०,००० माणूसतास लागतात, असा हिशोबही त्याच बातमीत होता.

त्या बातमीत टाकीने एक प्रश्न विचारला होता. त्याचा आशय असा की, छोट्या माणसाच्या मागे का लागता? निवडणुका आल्या की उमेदवारांची माणसं सबवेभर स्टिकर चिकटवतात, त्यांना का नाही धरत? चौकाचौकात 'भावी नगरसेवक' आणि 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' बघत वाढलेल्या आपल्याला हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही. हा प्रश्न लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

बातमीचा परिणाम व्हायचा तोच झाला. एका पोराचं नाव टाइम्समध्ये छापून आलं म्हटल्यावर शेकडो पोरांनी मार्कर उचलले. गल्लोगल्ली नावं आणि नंबर. बार्बरा ६२, इव्हा ६२ अशा मुलीही होत्या. काळी, गोरी, पोर्तो रिकन, ग्रीक, सगळ्या घरांतली पोरं. बहुतेकांचं वय आपल्या आठवी ते बारावीचं.

नाव फिरतं करण्याची युक्ती

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की टाकीसारखं आपण कशाला हिंडायचं? आपल्याऐवजी नाव हिंडू दे. डब्याच्या आत लिहिण्यापेक्षा बाहेर लिहायचं. गाडी ब्रॉन्क्समधून निघते, मॅनहॅटन ओलांडते, ब्रुकलिनच्या टोकाला जाते आणि परत येते. बऱ्याच ठिकाणी ती जमिनीखालून नाही तर रस्त्याच्या वर, लोखंडी पुलावरून धावते. एका रात्री एका डब्यावर लिहिलं की दुसऱ्या दिवशी लाखो लोकांसमोरून ते नाव फिरून येणार. तेही फुकटात. ज्या पोराला वर्गात मास्तर नावाने ओळखत नव्हते, त्याचं नाव तीन बरोंमधल्या पोरांना माहीत झालं. आपण ज्याला आज पब्लिश करणं म्हणतो, ते हेच.

पण सगळेच पब्लिश करायला लागले की गर्दीत उठून कसं दिसायचं? (हा प्रश्नही ओळखीचा आहे ना?) इथून पुढे खरी मजा आहे. अक्षरं मोठी झाली. सुपर कूल २२३ नावाच्या रायटरने १९७२ च्या सुमारास स्प्रेच्या डब्याला दुसऱ्याच कुठल्यातरी फवाऱ्याचं रुंद तोंड लावलं. त्यामुळे बारीक रेघेऐवजी जाड पट्टा उठायला लागला आणि मोठा भाग पटकन भरता यायला लागला. फेज टू याने फुग्यासारखी गुबगुबीत अक्षरं काढली. पुढे कुणी अक्षरांत अक्षरं अशी गुंतवली की फक्त दुसऱ्या रायटरलाच वाचता यावीत. त्याला 'वाइल्ड स्टाइल' म्हणत.

हळूहळू याची एक पूर्ण परिभाषा तयार झाली. नुसती सही म्हणजे 'टॅग'. दोन रंगांत झटपट उरकलेलं नाव म्हणजे 'थ्रो-अप'. वेळ काढून रंगवलेलं ते 'पीस', म्हणजे मास्टरपीस. नवशिका तो 'टॉय'. एखाद्या मार्गावर सगळ्यात जास्त दिसणारा तो त्या मार्गाचा 'किंग'. ब्रॉन्क्समध्ये १४९वा रस्ता आणि ग्रँड कॉन्कोर्स असं जंक्शन स्टेशन आहे. तिथल्या एका बाकड्यावर ही पोरं संध्याकाळी जमायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत बसायची. कुणाचं काम कसं झालंय, कुणी कुणाची ढापलीय, कुणाचा रंग ओघळलाय. एकमेकांच्या वह्यांत सह्या घ्यायच्या. थोडक्यात कट्टाच तो. फक्त समोरून मुली जायच्या ऐवजी डबे जायचे :)

यात रोमँटिक काही नव्हतं असं नाही, पण धोका खरा होता. काम रात्री, गाड्या उभ्या असतात त्या यार्डात नाहीतर बोगद्यातल्या बाजूच्या रुळांवर. शेजारी तिसरा रूळ, त्यात सुमारे ६०० व्होल्टचा करंट. रंगाचे डबे बहुतेक वेळा दुकानातून चोरलेले. मागे पोलीस. लेडी पिंक ही त्या जगातली सगळ्यात नावाजलेली मुलगी. तिचा जन्म इक्वेडोरचा, वाढली क्वीन्समध्ये, आणि पंधराव्या वर्षापासून ती डबे रंगवत होती. मुली हे करू शकत नाहीत, त्यांच्या नावाने त्यांचे मित्रच रंगवतात, असं पोरं म्हणायची. ते खोटं पाडायला तिला प्रत्येक टोळीबरोबर स्वतः यार्डात उतरून दाखवावं लागलं.

आणि डॉन्डी. १९८० साली डॉन्डी व्हाइटने ब्रुकलिनच्या न्यू लॉट्स यार्डात एक अख्खा डबा रंगवला, 'चिल्ड्रेन ऑफ द ग्रेव्ह' या मालिकेतला तिसरा. तेव्हा मार्था कूपर ही फोटोग्राफर रात्रभर त्याच्याबरोबर होती. एका शाळकरी पोराने तिला वहीतलं आपल्या नावाचं डिझाइन दाखवलं, तिथून ती या जगात शिरली होती. दुसरा वेडा म्हणजे हेन्री शालफंट. हा फलाटावर उभा राहून समोर थांबलेल्या गाडीचे ओळीने चार-पाच फोटो काढायचा आणि नंतर ते जोडून पूर्ण डब्याचं एक लांबलचक चित्र करायचा. आपल्या फोनमधला पॅनोरामा त्याने हाताने, कात्री आणि गोंद घेऊन केला. या दोघांचं 'सबवे आर्ट' हे पुस्तक १९८४ साली आलं. त्याच्या एक वर्ष आधी, १९८३ मध्ये, टोनी सिल्व्हर आणि शालफंट यांची 'स्टाइल वॉर्स' ही डॉक्युमेंटरी आली. आज आपण ते डबे बघू शकतो ते या दोन-तीन माणसांमुळे. मूळ कामांपैकी काहीही शिल्लक नाही, एक डबासुद्धा नाही.

गाडीच्या आतला माणूस

इथपर्यंत वाचून तुम्ही पोरांच्या बाजूचे झाला असाल तर थांबा. मीही झालो होतो.

पण त्या डब्याच्या आत कोण होतं? १९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळं निघता निघता वाचलं होतं. सबवेच्या देखभालीला पैसे नव्हते. गाड्या मधेच बंद पडत, दारं अडकत, दिवे जात. आणि आतून इंच न इंच सह्यांनी भरलेला, नकाशासुद्धा वाचता येत नाही असा. 'एंड टू एंड, टॉप टू बॉटम' म्हणजे खिडक्यांसकट रंगवलेला डबा फलाटावरून सुंदर दिसतो. आत बसलेल्याला मात्र कुठलं स्टेशन आलं ते दिसत नाही. रात्रपाळी संपवून एकटी घरी जाणारी बाई त्या डब्यात बसत होती. तिच्याकडे दुसरी गाडी नव्हती.

नेथन ग्लेझर या समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली एका लेखात हेच मांडलं. त्याचा मुद्दा साधा होता. प्रवाशाला वाटतं, जे लोक साध्या पोरांना थांबवू शकत नाहीत, ते मला चोरापासून काय वाचवणार? सही करणारा आणि लुटणारा वेगळा असेल, पण डब्यात बसलेल्याला दोन्ही एकाच बेवारशीपणाच्या खुणा वाटतात. हे म्हणणं मला खोडता येत नाही. लिहिणाऱ्याला वाचक हवा होता हे खरं, पण हा वाचक दार बंद करून कोंडलेला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सरकारचे उपाय

आता दुसरी बाजू काय करत होती? तर सगळं काही. आणि सगळं फसत होतं.

महापौर जॉन लिंडसे यांनी १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये ग्राफिटीविरोधी कायद्यावर सही केली (ही सही मात्र कायदेशीर!). पोरांवर फरक शून्य. १९७३ च्या सुमारास सगळ्या गाड्यांना नवीन रंग दिला. पोरांना काय, कोरा फळा मिळाला. जुन्या सह्यांची गर्दी पुसली गेली आणि पूर्वीपेक्षा मोठी कामं दिसायला लागली. १९७७ पासून कोनी आयलंडच्या यार्डात डबे रसायनाने धुवायला सुरुवात झाली. पोरं त्याला 'बफ' म्हणत. त्यातून निघणारा डबा स्वच्छ नसे, मळकट करड्या रंगाचा होई. त्यातही गंमत अशी, की चांगली कामं पुसली गेल्यावर जागा मोकळी झाली, आणि तिथे वेळ घालवून पीस करण्यापेक्षा दोन मिनिटांत थ्रो-अप मारून पळणं शहाणपणाचं ठरलं. म्हणजे उपायाने दर्जा तेवढा खाली आणला.

१९८१ मध्ये महापौर एड कॉच यांच्या काळात क्वीन्समधल्या कोरोना यार्डातल्या गाड्या पांढऱ्याशुभ्र रंगवल्या. भोवती दोन कुंपणं, वर धारदार तारा, आणि दोन कुंपणांच्या मधे अल्सेशियन कुत्री. त्या एका यार्डात उपयोग झाला. पण गाड्या रात्री इतरत्रही उभ्या राहतात, बोगद्यातल्या रुळांवर कुत्री कुठून आणणार?

आपल्या भाषेत सांगायचं तर हे सगळे लोक युजर पकडायच्या मागे होते. युजर मात्र हजारो, वय पंधरा, आणि पकडला तरी दुसऱ्या दिवशी दुसरा हजर.

१५ सप्टेंबर १९८३

आणि या पकडापकडीत एक माणूस मेला.

मायकेल स्टुअर्ट २५ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण होता, ब्रुकलिनला राहणारा. १५ सप्टेंबर १९८३ च्या पहाटे मॅनहॅटनमधल्या फर्स्ट अॅव्हेन्यू स्टेशनात तो मार्करने भिंतीवर लिहीत होता, असं ट्रान्झिट पोलिसांचं म्हणणं. त्यांनी त्याला अटक केली. काही वेळाने त्याला बेलव्ह्यू हॉस्पिटलात आणलं तेव्हा त्याचे हातपाय बांधलेले होते आणि नाडी लागत नव्हती. डॉक्टरांनी हृदय पुन्हा सुरू केलं, पण तो शुद्धीवर आला नाही. १३ दिवस कोमात राहून २८ सप्टेंबरला तो गेला. सहा अधिकाऱ्यांवर खटला चालला. १९८५ मध्ये सगळे निर्दोष सुटले. ज्युरीत सगळे गोरे होते. १९९० मध्ये घरच्यांना १७ लाख डॉलरची तडजोड मिळाली.

तो रायटरही नव्हता. बाकड्यावर बसणाऱ्या पोरांत त्याचं नाव नव्हतं, त्याच्या नावाचा डबा नव्हता.

त्याच शहरात, त्याच वर्षी जाँ-मिशेल बास्किया नावाचा आणखी एक कृष्णवर्णीय तरुण होता, वय २२. काही वर्षांपूर्वी तो आणि त्याचा मित्र अल डियाझ 'सेमो' या नावाने मॅनहॅटनच्या भिंतींवर तिरकस वाक्यं लिहीत असत. १९८३ पर्यंत त्याची चित्रं गॅलऱ्यांत विकली जात होती. स्टुअर्टची बातमी ऐकून तो हादरला. हे माझंही होऊ शकलं असतं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याने कीथ हेरिंगच्या स्टुडिओच्या भिंतीवर एक चित्र काढलं, मधे काळी आकृती आणि दोन बाजूंना काठ्या उगारलेले दोन पोलीस. हेरिंग स्वतः सबवेतल्या रिकाम्या काळ्या जाहिरात-फलकांवर खडूने चित्रं काढायचा आणि त्यासाठी त्यालाही अनेकदा पकडलं होतं. पण हेरिंग गोरा होता, आणि दर वेळी घरी परत आला. पुढे त्याने भिंतीचा तो तुकडा कापून घेतला आणि आपल्या पलंगाच्या वर लावला.

२०१७ मध्ये बास्कियाचं १९८२ सालचं एक चित्र लिलावात ११ कोटी ५ लाख डॉलरला गेलं. एकीकडे हे आणि एकीकडे फर्स्ट अॅव्हेन्यूचा फलाट. मधलं अंतर कशाने मोजायचं मला कळत नाही. हातात दोघांच्याही तेच होतं, लिहायचं साधन.

गन साहेबांचा नियम

१९८४ मध्ये न्यूयॉर्क सिटी ट्रान्झिट ऑथॉरिटीचे प्रमुख म्हणून डेव्हिड गन आले. कुठून आले, तर फिलाडेल्फियातून! ज्या शहरात कॉर्नब्रेडने सुरुवात केली तिथली सार्वजनिक वाहतूक सांभाळून.

गन यांनी प्रश्नच बदलला. पोरांना लिहिण्यापासून कसं रोखायचं, हा प्रश्न त्यांनी सोडून दिला. त्याऐवजी नियम केला की एकदा साफ केलेला डबा पुन्हा कधीही लिहिलेल्या अवस्थेत प्रवाशांसमोर जाणार नाही. खूण दिसली की लगेच पुसायची. पुसता येत नसेल तर डबा सेवेतून बाहेर. गर्दीची वेळ असो नाहीतर गाड्या कमी असोत. सहा हजारांहून जास्त डबे एकदम साफ करणं अशक्य होतं, म्हणून एकेक मार्ग, एकेक गाडी हातात घेतली. साफ झालेली गाडी परत घाण होऊ द्यायची नाही आणि मगच पुढची घ्यायची. ज्याने कधी जुना, सडलेला कोड हळूहळू साफ केलाय त्याला ही पद्धत लगेच ओळखू येईल. एकेक मोड्यूल हिरवं करत जायचं, आणि लाल असेल ते प्रॉडक्शनला जाऊ द्यायचं नाही, मॅनेजर कितीही ओरडला तरी.

यातली एक आठवण गन यांनी नंतर सांगितली आहे. हार्लेममधल्या एका यार्डात पोरं पहिल्या रात्री येऊन डबा पांढरा रंगवत. तो वाळला की दुसऱ्या रात्री आउटलाइन, तिसऱ्या रात्री रंग. यांना सगळं माहीत असायचं. पण हे थांबत. तिसऱ्या रात्रीचं काम पूर्ण होऊ देत. मग रोलर घेऊन जात आणि पोरांच्या डोळ्यांदेखत सगळं पुसून टाकत. पोरं रडत, असं ते सांगतात.

मी हे वाचून बराच वेळ नुसता बसून होतो. यात कुणाला मारलं नाही, कुत्रं सोडलं नाही, हातपाय बांधले नाहीत. इंजिनियर म्हणून मला तो नियम अतिशय देखणा वाटतो. आणि तरी त्या तिसऱ्या रात्रीबद्दल वाचताना मी रोलरवाल्यांच्या बाजूने उभा राहू शकलो नाही. गन यांना बरोबर कळलं होतं की पोरांना रंग नको होता, वाचक हवा होता. त्यांनी नेमका वाचक काढून घेतला.

१२ मे १९८९ ला लिखाण असलेली शेवटची गाडी सेवेतून काढली गेली. सबवे स्वच्छ झाली.

जाता जाता एक गैरसमज. हे श्रेय अनेकदा रूडी जुलियानींना आणि 'ब्रोकन विंडोज' सिद्धांताला दिलं जातं. जुलियानी महापौर झाले १९९४ मध्ये, गाड्या साफ होऊन पाच वर्षं झाल्यावर. दुसरं म्हणजे नुसत्या पुसण्याने काही झालं नाही. १९८२ पासून सबवेत मोठी भांडवली गुंतवणूक सुरू झाली. स्टेनलेस स्टीलचे नवे डबे आले, जुन्यांची नीट दुरुस्ती झाली, रूळ बदलले. खिशात पैसे आल्यावरच डबा बाजूला काढून ठेवण्याची चैन परवडते. ज्यांच्याकडे जादा डबेच नाहीत त्यांनी हा नियम करून दाखवावा.

नंतर

सबवे बंद झाल्यावर लिहिणं थांबलं का? नाही. ते भिंतींवर गेलं, मालगाड्यांवर गेलं. फोटो आणि पुस्तकांतून युरोपभर पसरलं. डॉन्डी १९९८ मध्ये वयाच्या ३७व्या वर्षी एड्सने गेला. लेडी पिंक चित्रकार झाली. टाकीने तर हे कधीच सोडलं होतं, पुढे तो गाड्या दुरुस्तीच्या धंद्यात पडला.

क्वीन्समध्ये फाइव्ह पॉइंट्झ नावाची जुनी कारखान्याची इमारत होती. मालकाने रायटर लोकांना तिथे रंगवायला परवानगी दिली होती. सातव्या मार्गाच्या गाडीतून ती पूर्ण दिसायची. म्हणजे पूर्वी फलाटावरचे लोक गाडीवरचं चित्र बघत, आता गाडीतले लोक भिंतीवरचं बघायला लागले. मालकाला तिथे टॉवर बांधायचे होते. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये एका रात्रीत त्याने सगळं पांढरं फासून टाकलं. कलाकार कोर्टात गेले. २०१८ मध्ये २१ जणांना मिळून ६७.५ लाख डॉलरची भरपाई मिळाली आणि वरच्या कोर्टांतही ती टिकली. जे काम पुसण्यासाठी शहराने कोट्यवधी घालवले, तसंच काम पुसलं म्हणून मालकाला लाखो डॉलर मोजावे लागले. फरक एवढाच की इथे आधी परवानगी होती.

न्यूयॉर्कच्या गाड्या आजही अधूनमधून रंगवल्या जातात. बऱ्याचदा बाहेरदेशाहून आलेली मंडळी रात्री येतात, डबा रंगवतात, फोटो काढतात आणि विमानाने परत जातात. गाडी बाहेर पडणार नाही हे त्यांना माहीत असतं. त्यांना फोटो पुरतो, तो जालावर चढला की झालं. गन यांनी फलाटावरचा वाचक काढून घेतला, यांनी दुसरीकडे शोधला.

आता टाकीचा प्रश्न. छोट्या माणसाच्याच मागे का?

२००८ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ४२व्या रस्त्याच्या शटल गाडीवर एक नवा प्रकार दिसायला लागला. डबे बाहेरून पूर्ण मढवलेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरपासून खालपर्यंत. एंड टू एंड, टॉप टू बॉटम. टीव्ही चॅनेलच्या जाहिराती होत्या. रीतसर पैसे भरून लावलेल्या.

म्हणजे डबा रंगवू नये असा नियम मुळात नव्हताच. डबा कुणाचं नाव घेऊन फिरेल, एवढाच प्रश्न होता. तिकीट काढून आत कोंडलेल्या प्रवाशाला याही वेळी कुणी विचारलं नाही. आणि मायकेल स्टुअर्टच्या नावाचा डबा तेव्हाही नव्हता, आताही नाही.

मी तरी भिंतीवर लिहिणार नाही. तेवढी हिंमतही नाही आणि सोसायटीचे सेक्रेटरी आहेतच. पण परवा कुठल्याशा साइटवर नवीन खातं उघडताना नाव आधीच घेतलेलं निघालं, तेव्हा नेहमीचा १७ टाकण्याआधी क्षणभर हात थांबला. आपल्याला किती सहज जागा मिळते लिहायला.